साकवाची फाइल

“सगळं सोडून आलो, बुवा. मग डोकं मोकळं का होत नाही?”

भैरूबुवांनी पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला.

विचारणारा जयसिंग इंगवले पुलांचा इंजिनिअर. हाताखाली टीम, टीममध्ये दरारा. डोंगरातल्या या मठात तो आठवडाभर मन शांत करायला आला होता. आदल्या संध्याकाळी दारातल्या वेताच्या टोपलीत त्याने मोबाइल आणि घड्याळ टाकलं आणि मोकळा झाला. निदान त्याला तसं वाटलं.

पहाटे उठून त्याने मठाच्या एकुलत्या एक न्हाणीत चूल पेटवली, हंडा चढवला. पाणी तापेपर्यंत दुसरं कुणी आत शिरायला नको, म्हणून कडीला आपल्या बॅगेचं कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकून तो बुवांपुढे येऊन बसला, आणि बोलण्याच्या नादात पाणी विसरला.

“काय काय सोडलंसा, सायेब?” बुवांनी विचारलं.

इंगवल्याने सांगितलं. घर सोडलं, ऑफिस सोडलं, चहासुद्धा सोडला. सांगताना आवाजात जरा ऐट होतीच. त्याग करणाऱ्याला ऐकणारा लागतो.

“आनि?”

“आणखी काय राहणार, बुवा?”

बुवांनी अंगणाकडे बघितलं. अंगणात चारपाच माणसं पंचे घेऊन घुटमळत होती. दर्शनाला आली असतील, असं इंगवल्याला वाटलं.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. शिल्पा हुक्केरी उतरली. इंगवल्याच्याच टीममधली इंजिनिअर, काखेत लॅपटॉप. तिने आधी बुवांना नमस्कार केला, दोन शब्द बोलायची परवानगी मागितली, आणि मग साहेबांकडे वळली.

“सर, साकवाची फाइल तुमच्या नावावर अडकलीय.”

साकव म्हणजे ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या पोरांना शाळेत न्यायचा पायपूल. त्याची सगळी कागदपत्रं टीमने एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवली होती. एकाने फाइल उचलली की तिच्यावर त्याचं नाव लागायचं, आणि तो ती परत ठेवेपर्यंत बाकीच्यांनी नुसती वाचायची. इंगवल्याने निघताना आराखड्याची फाइल उचलली होती आणि परत ठेवली नव्हती. ती सोडवायचा अधिकारही त्याने एकट्याकडेच ठेवला होता.

“अडकली नाही,” तो म्हणाला. “मीच ठेवलीय. मी नसताना कुणी हात लावायला नको.”

वेगळी प्रत करून पाठवावी, तर ऑफिस ती घेत नव्हतं. मागच्या कामात एकाच पुलाच्या चार ‘शेवटच्या’ प्रती फिरल्या होत्या, तेव्हा हा नियम इंगवल्यानेच घातला होता. आणि आज दुपारी फाइल आहे तशी आपोआप मंजुरीला जाणार होती. तीही सोय त्याचीच.

“जाऊ दे की मग,” तो म्हणाला.

शिल्पाने लॅपटॉप उघडला. “सर, आपल्या जमीरला जुन्या पुराची खूण सापडलीय. शाळेच्या जोत्यावर. आपण धरलेल्या पातळीच्या बरीच वर. आपला साकव पाण्याखाली जातो. आणि पोरं त्यावर असताना...”

तिने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

पुराची पातळी इंगवल्याने स्वतः धरली होती. वाडीत न जाता, जुन्या नकाशावरून. कुणी विचारलं तर “मी बघितलंय” एवढंच सांगून.

इंगवल्याने तो आकडा पुन्हा एकदा वाचला.

मग त्याने अगदी हळू विचारलं, “जुनी प्रत पुसता येते?”

“नाही, सर. चूक कुणाची, दुरुस्ती कुणाची, सगळं दिसत राहतं.”

म्हणजे त्याचा आकडा, त्याच्या नावासकट, सगळ्यांपुढे. ज्यांना आकड्यांवरून दम दिला त्यांच्याच पुढे. त्याने आधारासाठी बुवांकडे बघितलं.

बुवा म्हणाले, “वढ्याच्या पान्याला कळतंय व्हय, आकडा कुणाचा त्यो?”

...

इंगवल्याने लॅपटॉप मांडीवर घेतला. शिल्पाने आपल्या मोबाइलची रेंज जोडून दिली. त्याने फाइल परत ठेवली. शिवाय सोडवायचा अधिकार शिल्पाच्या आणि जमीरच्या नावावरही केला. ते मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याचं नाव फाइलीवरून गेलं. लगेच शिल्पाने ती उचलली, आणि कडेला एकेकाच्या सूचना उमटू लागल्या. जमीरने जोत्याचा फोटो जोडला. टीममधली मंडळी सकाळपासून जणू फाइलीच्या दारातच उभी असावीत. ओसरीवरच बसून शिल्पाने खांब उंच केले, आणि बघता बघता कागदावरचा साकव पुराच्या वर आला. इंगवल्याने एक बेरीज सुचवली. जमीरने ती तपासून दुरुस्त केली, आणि इंगवल्याला राग आला नाही.

फाइल वेळेत गेली. शिल्पाने लॅपटॉप मिटला आणि भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले.

इंगवल्याचेही डोळे भरून आले. चूक झाली होती, पण अजून कागदावरच होती. ओढ्यात एक दगडसुद्धा पडला नव्हता. कित्येक महिन्यांनी त्याला छातीभर श्वास घेता आला.

त्याने बुवांचे पाय धरले.

“सुटलो, बुवा. डोकं मोकळं झालं. आता काहीतरी उपदेश करा.”

बुवा उठले. त्यांच्यामागे अंगणातली माणसंही पुढे सरकली, आपापला पंचा सावरत. सगळ्यांची नजर इंगवल्याच्या खिशावर होती.

“आधी न्हाणीची किल्ली द्या, सायेब.”