खिडकीतला गवा

"...पण या खिडकीला भ्यायचं कशाला, उस्ताद? एवढं लख्ख दिसतंय की."

विश्राम नाडकर्णीने कॅमेऱ्यावरचा डोळा न काढताच विचारलं.

उस्ताद बाबालाल मुजावर खडकावर तंबाखू मळत बसले होते. चाळीस वर्षं जंगलात फोटो काढून म्हातारपणी ते दाजीपूरच्या बाजूला एका पिराशेजारी येऊन राहिले होते. विश्राम पुण्याहून त्यांच्याकडे शिकायला येई. पोरगा हुशार, आणि ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

आज त्याच्या छोट्या कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत नवा व्ह्यूफाइंडर बसला होता. बोटभर काचेची खिडकी, आत उजळ चौकट. भिंग रुंद, म्हणून खिडकीही रुंद. अशा खिडकीत खूप काही मावतं, पण जे मावतं ते लहान होऊन लांब जातं.

म्हणून उस्तादांचा नेम होता. आधी उघड्या डोळ्यांनी पावलं मोजायची, मगच डोळा खिडकीला. विश्रामला तो म्हाताऱ्याचा चाळा वाटे.

समोरच्या गवतातून गवा बाहेर आला. एकटा, कळपाने हाकललेला.

उस्तादांचा अंगठा तळहातावर थांबला.

"विश्राम, मागं सर."

"लांब आहे हो. शेळीएवढा दिसतोय."

चौकटीत आभाळच फार होतं. विश्राम चार पावलं पुढे झाला. गवा काही चौकट भरेना. आणखी चार.

"विश्राम..."

"एकच मिनिट."

फुरफुर ऐकू आली. एवढ्याशा जनावराची फुरफुर इतक्या जवळून कशी, असं त्याच्या मनात आलं खरं, पण चौकट सोडवेना.

आणि खिडकी काळी झाली.

उस्तादांनी मागून येऊन काचेवर तळवा ठेवला होता.

विश्रामने चिडून मान वर केली. ओल्या नाकपुड्या. शिंगाला अडकलेलं गवत. डोळ्यांभोवतीच्या माश्यासुद्धा मोजता आल्या असत्या.

"पळू?" त्याने नुसते ओठ हलवले.

"हलू नगंस."

...

गव्याने एकदा खुराने माती उकरली. विश्राम जीव मुठीत धरून उभा होता. उस्तादांचा दुसरा हात त्याच्या मनगटावर होता. तो हात थरथरतोय हे कळलं, तेव्हा विश्राम जास्तच घाबरला. उस्ताद कशालाच भीत नाहीत, असं तो आजवर धरून चालला होता.

बऱ्याच वेळाने गव्याने मान वळवली. काय वाटलं कोण जाणे, तो झाडीत निघून गेला.

विश्राम मटकन खाली बसला. त्याने व्ह्यूफाइंडर खाचेतून ओढून काढला आणि उस्तादांपुढे धरला.

"घ्या हे. यानं आज मला मारलंच होतं. पुन्हा डोळा लावणार नाही मी."

उस्तादांनी काचेवर फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकाने ती पुसली.

"कितीवर हुता?"

"दहा पावलांवर... नाही. आठ."

"भ्या वाटतंय अजून?"

"हात बघा ना माझे."

उस्तादांनी बघितले. मग खिडकी पुन्हा खाचेत बसवली आणि कॅमेरा त्याच कापऱ्या हातांत ठेवला.

"मग आता लाव डोळा."