गुणूचं पिवळं फूल

एक होती मधमाशी. मुगाच्या दाण्याएवढी. तिचं नाव गुणू.

गुणू रोज परसात यायची. गुण गुण गुण. तिथं होती भोपळ्याची वेल. वेलीवर पिवळं पिवळं फूल. गुणू फुलात शिरायची आणि बाळांसाठी मध न्यायची.

एक दिवस बघते तर काय, फूल गळून गेलं. नुसती एक कळी, तीही मिटलेली. आता काय करायचं बाई? पोळ्यात बाळं भुकेली.

"वेलीताई, वेलीताई, फूल फुलव ना."

वेल म्हणाली, "वर ऊन आहे, खाली खाऊ नाही. माती खाऊ देईल, तर फूल फुलवीन."

गुण गुण गुण. गुणू गेली मातीकडे.

"मातीआई, मातीआई, खाऊ दे ना.
माती खाऊ देईना,
वेल फूल फुलवीना,
बाळांना मध मिळेना."

माती म्हणाली, "माझंच पोट रिकामं गं. गांडूळ खत देईल, तर खाऊ देईन."

गुण गुण गुण. गुणू गेली गांडुळाकडे. ते बसलं होतं रुसून.

"गांडूळदादा, गांडूळदादा, खत दे ना.
गांडूळ खत देईना,
माती खाऊ देईना,
वेल फूल फुलवीना,
बाळांना मध मिळेना."

गांडूळ म्हणालं, "आधी मला जेवू तर दे. परसातला फणस पाला टाकतो, भागीमावशी झाडून नेते. मावशी पाला ठेवील, तर खत देईन."

गुण गुण गुण. गुणू गेली भागीमावशीकडे. मावशी परस झाडत होती. खर्र खर्र, खर्र खर्र. एक पान दिसलं की खराटा धावलाच. सगळा पाला पोत्यात.

"भागीमावशी, भागीमावशी, पाला ठेव ना.
मावशी पाला ठेवीना,
गांडूळ खत देईना,
माती खाऊ देईना,
वेल फूल फुलवीना,
बाळांना मध मिळेना."

मावशी फणकारली, "कचरा ठेवू? लोक काय म्हणतील? मला घारगे करायचेत, आणि वेलीला एक भोपळा नाही. वेल भोपळा देईल, तर पाला ठेवीन."

गुणू खराट्याच्या दांड्यावर बसली. तिला रडूच आलं.

"फूल नाही, तर भोपळा कुठून येणार गं मावशी?"

मावशीचा हात थांबला. तिनं वेलीकडे पाहिलं. पोत्याकडे पाहिलं.

"अगंबाई, खरंच की. मीच सगळ्यांना उपाशी ठेवलं."

तिनं पोतं उचललं आणि वेलीपाशी उलटं केलं. भस्स!

मग काय,
मावशीनं पाला ठेवला,
गांडुळानं खाल्ला, मच मच मच,
गांडुळानं खत दिलं,
मातीनं खाऊ दिला,
वेलीनं फूल फुलवलं. एक नाही, पुष्कळ.

गुणू या फुलात शिरली, त्या फुलात शिरली. अंगभर पिवळी पिवळी पूड. बाळांना मध मिळाला. पोटं झाली टम्म. हुश्श!

आणि वेलीला लागला भोपळा. मावशीनं घारगे तळले, चर्र चर्र. भोपळ्याची सालं कुठं टाकली? वेलीपाशी, गांडूळदादाला.

आता मावशी परस झाडते. पण वेलीपाशी आली की खराटा खाली ठेवते.

मावशी जेवली, गांडूळ जेवलं, गुणूची बाळं झोपली. आता तुम्हीही झोपा.