न वाचता केलेली सही

सरपंच तात्यासाहेब हुंब्यांनी भर ग्रामसभेत चाळीस संमतीपत्रांचा गठ्ठा गटविकास अधिकाऱ्यांपुढे ठेवला. शाळेमागे कचरा डेपो करायला म्हणे गावाची संमती होती! लोक हादरलेच.

"रेशनचं काम आहे सांगून सह्या घेतल्यात तुम्ही!" एकच गलका झाला.

"वाचलं नाही ही सबब चालत नाही," तात्यासाहेब गुरकावले. "सही म्हणजे सही. काय साहेब?"

साहेबांनी मान डोलावली.

तेवढ्यात शिवणकाम करणारी झुंबरबाई उठली. "मग हाही कागद गठ्ठ्यात घ्या, साहेब."

साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "डेपो माझ्या द्राक्षबागेत करण्यास माझी संमती आहे." खाली सही आणि शिक्का, दोन्ही तात्यासाहेबांचे!

तात्यासाहेबांच्या पायाखालची जमीनच सरकली. परवा फोनवर बोलता बोलता त्यांनी झुंबरबाईच्या रहिवासी दाखल्यावर सही ठोकली होती. दाखलाच होता ना तो?

"फसवणूक आहे ही!" ते किंचाळले. "मी वाचलंच नव्हतं!"

"आम्हीपण नव्हतं, तात्या," झुंबरबाई म्हणाली. "आता एक्केचाळीस कागद फाडायचे की एकही नाही, ते तुम्हीच साहेबांना सांगा."