तेल्याचा बैल आणि घाटाचा रस्ता

डोंगरावर वसलेल्या एका गावात सटवाजी नावाचा तेली राहत होता. घाणा चांगला चाले. गोठ्यात दोन बैल होते, घरात थोडेफार सोने होते. कशाला काही कमी नव्हते. पण गावाच्या दुसऱ्या टोकाला मल्हारी लोहार राहत होता, आणि सटवाजीला तेवढे दुःख पुरत होते.

मल्हारी गरीब. चार लेकरे, एक भाता आणि गळके छप्पर, एवढाच त्याचा पसारा. पण तो चार लोकांत हसला की सटवाजीच्या पोटात दुखे. मल्हारीच्या वेलाला दोन भोपळे जास्त लागले, तर सटवाजीला जेवण गोड लागत नसे. आपल्या घरात काय आहे याकडे त्याचे लक्षच नसे. लोहाराकडे काय येते, तेवढेच तो बघत बसे. आता यावर काय औषध द्यायचे?

गावाचा बाजार डोंगराच्या पायथ्याशी भरत असे. खाली जायची वाट म्हणजे नुसती घसरण. आजारी माणसाला झोळीत घालून न्यावे लागे, आणि पावसाळ्यात झोळीही जात नसे. शेवटी गावाने ठरवले, गाडीरस्ता करायचा. राजाने परवानगी दिली, पैसा दिला नाही. मग पाटलांनी घरटी पट्टी बसवली. गरिबाला थोडी, ज्याच्याकडे घाणा आणि बैल त्याला जास्त. लोक कुरकुरले, पण कबूल झाले.

त्या मुलखात रस्ता आखायची एक रीत होती. परगावचा बैल आणायचा, त्याच्या पाठीवर गोण लादायची आणि पायथ्याशी त्याला मोकळे सोडायचे. ओझे वाहणारा बैल आपणहून सोपा चढ शोधतो. तो जाईल तिथे मागून चुन्याची रेघ ओढायची आणि तिथूनच रस्ता काढायचा. बैल परगावचाच हवा, कारण गावच्या बैलाला आपल्या गोठ्याची ओढ असते.

सोपा चढ कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. तो लोहाराच्या दारावरून येत होता. सटवाजीच्या डोळ्यांपुढून ते दार हलेना. तिथे गाड्या थांबणार, गाडीवान चाकांना लोखंडी धावा बसवून घेणार, मल्हारी चार पैसे कमावणार आणि वर हसणार. या विचाराने तेली वाळत चालला.

पाटील परगावचा बैल भाड्याने आणायला निघाले, त्या दिवशी सटवाजी चावडीवर गेला. म्हणाला, "पाटील, कशापायी भाडं भरता? लोकांच्या पट्टीचा पैसा हाय. माझा बैल न्या, फुकाट."

फुकट म्हटल्यावर गाव खूश झाले. कोंडाबाई नावाच्या एका विधवा म्हातारीने तेवढी जुन्या रीतीची आठवण करून दिली. पण तिची पट्टी सगळ्यांत थोडी, म्हणून तिचे बोलणेही थोडेच ऐकले गेले.

सटवाजीने आदल्या दिवशी बैलाला वैरण घातली नाही. सकाळी पायथ्याशी सोडताच तो उपाशी जीव घराच्या दिशेने निघाला. खडकाळ कड्यावरून, धापा टाकत, गुडघे खरचटून घेत तो वर आला आणि थेट आपल्या गव्हाणीत तोंड घालून उभा राहिला. मागोमाग चुन्याची रेघ आली. लोक एकमेकांकडे बघू लागले, पण रेघ पडली ती पडली. रस्ता तेल्याच्या दारावरून ठरला, आणि सटवाजी त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला.

काम सुरू झाले आणि लगेच काळा खडक लागला. पहिली पट्टी पायथ्याशीच संपली. पाटलांनी दुसरी बसवली, मग तिसरी. कोंडाबाईने आपली एकुलती एक शेळी विकली. सगळ्यांत मोठा वाटा सटवाजीला भरावा लागे, आणि तो हसतमुखाने भरत होता. एक बैल गेला, बायकोच्या पाटल्या गेल्या. ती रडू लागली तेव्हा तो म्हणाला, "मल्हारीच्या दारात गाडी थांबनार न्हाई, ह्ये काय कमी हाय?"

गाडी नव्हती खरी, पण मल्हारीच्या दारात गर्दी मात्र होती. त्या खडकावर पहारी बोथट होत, छिन्न्या तुटत, घणांची तोंडे निकामी होत. सगळी हत्यारे लोहाराकडे येत. भट्टी विझायची सोय नव्हती. त्याची मजुरी गावाच्या पट्टीतून मिळे, आणि पट्टीत मोठा वाटा कोणाचा हे सांगायला नको. लोहाराचे छप्पर नवे झाले, लेकरांच्या अंगावर धड कपडे आले. सटवाजी ओट्यावर बसून दिवसभर ऐरणीचा आवाज ऐकत असे आणि आतल्या आत जळत असे.

एकदाचा रस्ता पुरा झाला. सटवाजीने ओट्यावर तेलाचे बुधले मांडले. पण त्याच्या दारापुढचा चढ इतका उभा, की तिथे थांबलेली गाडी मागे घसरे. एकही गाडीवान थांबेना. शेवटची पट्टी भरायला सटवाजीने उरलेला बैल विकला, आणि घाणा बंद पडला.

त्या संध्याकाळी मल्हारी त्याच्या दारी आला. त्याने हात जोडले. "तात्या, तुमचं उपकार कसं फेडू? रस्ता माझ्या दारावरनं आला असता, तर मऊ मातीतनं महिन्याभरात झाला असता. मला कामच न्हवतं. तुमच्या बैलानं खडक दावला, म्हनून माझी पोरं दोन येळ जेवली."

तो मनापासून बोलत होता. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच सटवाजीला सोसेना. त्याने मान खाली घातली.

कोंडाबाई तिथेच ओट्याच्या पायरीवर टेकली होती. ती म्हणाली, "ह्याचं तरी भलं झालं, सटवा. माझी शेळी कुनाच्या जळण्यापायी गेली?"



तात्पर्य: दुसऱ्याचे भले होऊ नये म्हणून जो खटपट करतो, तो सगळ्या गावाला खर्चात घालतो, आणि त्यातली मोठी पट्टी त्याच्याच घरून जाते.