हुमाच्या माळावरची घोंगडी

हुमाच्या वाडीच्या पूर्वेला उघडा माळ आहे. त्यावर हिवराच्या एकुलत्या झाडाखाली दगडांची रास आहे आणि त्या राशीवर बारा महिने घोंगडी पांघरलेली असते. काळ्यावर पांढरे पट्टे, एका कोपऱ्यात सुईने काढलेले एकच पीस. तिथे देव नाही, शेंदूर नाही. मग घोंगडी कुणाला, असे पाहुणे विचारतात. सिद्रामआप्पा सांगर, ज्यांचा माग अजून चालतो, ते आधी चप्पल काढतात आणि मग सांगू लागतात.

फार मागे वाडीत कोंडाई नावाची सांगरीण होती म्हणे. घोंगड्या विणणाऱ्या सांगरांत बायकांनी लोकर कातावी, पुरुषांनी विणावी अशी रीत. पण कोंडाईचा नवरा मल्लू बाजार करी आणि माग तीच चालवी. तिच्या हातची घोंगडी पावसाचा थेंब आत येऊ देत नसे. मात्र तिची तीन बाळे पाळण्यात निजण्याआधीच गेली होती. तिने बिरोबाला नवस केला, माझी ओटी भर, तुझ्या अंगावर पट्ट्यांची घोंगडी घालीन. आणि देवाने द्यायची वाट न पाहता तिने ती विणायलाही घेतली.

चैत्रातल्या एका दुपारी घोंगडी पुरी होत आली होती. आभाळ एकाएकी काळवंडले, गार वारा सुटला. दारात एक धनगरीण उभी राहिली, दिवस भरलेली. तिची माणसे मेंढरे घेऊन माळापलीकडे पोचली होती आणि तिला त्यांना गाठायचे होते.

"आक्का, अंगावर घ्याया कायतरी दे," ती म्हणाली.

कोंडाईने मागावरचा हात थांबवला नाही. "ही देवाची हाय. फुडच्या घरी बघ."

विकायच्या घोंगड्या मल्लूने बाजारात नेल्या होत्या. घरात अंथरायचे एक जुने पटकूर होते, पण ते त्या वेळी कोंडाईच्या ध्यानातच आले नाही, असे सांगतात. काही जण सांगतात, आले होते.

बाई पुढच्या घरी गेली नाही, सरळ माळाला लागली. मग गारा पडल्या. घटकाभराने उघडल्यावर लोक माळावर गेले, तेव्हा हिवराखाली ती ओणव्यानेच मेलेली होती. तिच्यापुढे माळढोकाची, म्हणजे हूम पक्ष्याची, मादी दोन्ही पंख पसरून मरून पडली होती. कुणी पक्षी उचलला, तर खाली लुगड्याच्या पदरात गुंडाळलेली मुलगी रडू लागली. तिच्या मुठीत एक पीस होते.

बाईचा नवरा परत आला. त्याने बायकोला आणि पक्ष्याला तिथेच एका खड्ड्यात पुरले, वर दगड रचले. त्याच्यामागे दोन लहानगी होती आणि वाट लांबची. या गावात मूल नसलेली बाई आहे असे त्याने ऐकले आणि काही ठाऊक नसताना ती पोर कोंडाईच्या ओटीत घातली. ओटी भरली, ती अशी.

पोरीचे अंग मात्र गार ते गारच राहिले. वैशाख तापला तरी ती कापे. कोंडाई नवी घोंगडी विणून तिच्यावर घाली आणि हात लावून पाही, तर लोकर दमट. दुपारी माग थांबला की त्याच्याखालच्या पाय सोडायच्या खड्ड्यातून हूमऽ असा दबका आवाज येई. उंबऱ्यावर भर उन्हात दोन ओली पावले उमटत. मग एका दुपारी तिने मान वर केली, तर दारात ती बाईच उभी होती, केसांतून पाणी गळत. ती कोंडाईकडे पाहत नव्हती, पोरीकडे पाहत होती. मागत काहीच नव्हती. मागितले असते तर बरे झाले असते, असे कोंडाईला वाटे.

पोर दूध घेईनाशी झाली, तेव्हा कोंडाईने पुरी करून आढ्याला बांधलेली, अजून देवाला न घातलेली नवसाची घोंगडी खाली काढली. मल्लू दारात आडवा आला. देवाचा कोप होईल, म्हणाला.

"देवाला थंडी वाजत न्हाई," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

अनवाणी ती माळावर गेली. पोरीच्या मुठीत सापडलेले पीस समोर ठेवून तिने कोपऱ्यात पांढऱ्या लोकरीने तसेच पीस काढले. घोंगडी दगडांवर पसरली, कडा नीट खोचल्या.

"त्या दिशी दिली न्हाई. आता घे."

ती घरी आली तेव्हा पोर पांघरूण लाथाडून, घामाने भिजून गाढ झोपली होती.

मुलगी वाढली. तिला हुमाई म्हणत. कोंडाईला मात्र त्या दिवसापासून ऊब अशी लागली नाही. ज्येष्ठातही ती तीन घोंगड्या घेऊन अंगणात बसे. हुमाई शहाणी झाल्यावर कोंडाईने सगळे स्वतःच्या तोंडाने तिला सांगितले. हुमाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मागावर बसली आणि माळावरची जीर्ण झालेली घोंगडी बदलण्यासाठी नवी विणू लागली. तिने कोंडाईला माफ केले की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. कोंडाईच्या म्हातारपणी हातपाय चोळून द्यायला मात्र तीच होती.

सिद्रामआप्पा हुमाईच्या वंशातले. दर चैत्रात राशीवर नवी घोंगडी घालायचा मान त्यांच्या घराकडे आहे. आजही आभाळ काळवंडून गार वारा सुटला की वाडीतले माग थांबतात आणि सगळी दारे उघडली जातात. येत कुणी नाही. तरी वारा पडेपर्यंत प्रत्येक घरातले एक माणूस हातात पांघरूण घेऊन दाराशी उभे असते.