तीन चकत्या आणि काळी मुंगी

एका राज्यात थंडी फार पडे, आणि तिथल्या राजाला झोप म्हणून येत नसे. दोष त्याचाच. ऐन थंडीत एक मांत्रिक दारी गोधडी मागायला आला, तर राजाने उसवलेली, फाटकी गोधडी त्याच्या अंगावर फेकली. मांत्रिकाने शाप दिला की, एका दिवसात तीन गोल चकत्या लावलेली गोधडी पांघरशील तेव्हाच डोळा लागेल. पण गोलाला एक जरी कोपरा निघाला, तर शिवणारी पाखरू होईल आणि शाप सुटेपर्यंत पाखरूच राहील.

सात महिने राजा जागा. त्याने एकाच माणसाला तीनदा सेनापती केलं आणि निरपराध माळ्याला दोनदा कैदेत टाकलं. अशाने राज्य कसं चालायचं?

गिरजा नावाच्या शिवणारीने काम अंगावर घेतलं. तिसऱ्या चकतीला ती चुकली आणि सुगरण पक्षी झाली. मग तिची धाकटी बहीण धुरपदा सुई घेऊन दरबारात आली. राजाच्या झोपेचं तिला फारसं काही नव्हतं. तिला आपली अक्का परत हवी होती. सुगरण तिच्या खांद्यावरच बसली होती.

पहिली चकती ताटाएवढी. धुरपदाने चामड्याचा गोल कापडावर ठेवला, भोवती बोटभर कापड जास्त सोडलं, त्या कडेत धावदोरा घालून ओढला. कापड चामड्यावर घट्ट बसलं. वरून निखारे भरलेला तांब्या इस्त्रीसारखा फिरवला, चामडं काढलं आणि चकती गोधडीवर शिवली. पारख करायला आलेल्या मांत्रिकाने कडेवर काळी मुंगी सोडली. कोपरा आला की ती थबके. ती न थांबता फिरून आली.

दुसरी चकती वाटीएवढी. तीही पार पडली.

तिसरी कुंकवाएवढी. तांब्या तिच्यावर ठेवला, तेव्हा सूर्य कलला होता.

"दिवस चालला, बाई. चामडं काढ," मांत्रिक म्हणाला.

धुरपदाचा हात पुढे गेला. तेवढ्यात सुगरण बोलली, "मोठ्या गोलाचं चामडं गरम काढलं तरी चालतं. एवढ्याशा गोलाचं मी गरमच काढलं, आणि कड उघडून कोपरा निघाला."

धुरपदाने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. राजाही आता कातावला. एकदाचं काढून टाक, म्हणाला.

"महाराज, सात महिने जागलात. घटकाभर आणखी जागा."

तांब्या पार गार झाला, तेव्हा तिने चामडं काढलं आणि मावळत्या उजेडात चकती शिवली. मुंगी एकदा फिरली, दोनदा फिरली, तिसऱ्यांदाही कुठे अडली नाही. मांत्रिकाने तिला पागोट्यात ठेवलं. राजाने गोधडी ओढली आणि सिंहासनावरच घोरू लागला.

चार दिवसांनी उठला, तेव्हा त्याने माळ्याला सोडलं आणि मांत्रिकाला नवी गोधडी स्वतःच्या हातांनी पांघरवली.

धुरपदाला यातलं काही पाहायचं नव्हतं. राजा घोरू लागला त्याच क्षणी तिचा खांदा हलका झाला होता आणि अक्का समोर उभी होती, केसांत अजून गवताची काडी. धुरपदाला रडू आवरेना. अक्काने खाली वाकून त्या एवढ्याशा चकतीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"गार होऊ दिलंस गं," ती म्हणाली.