चेअरमन आणि हिमालय

वडगावच्या दूध संघाची निवडणूक दत्ताजीराव जिंकले आणि दूध घालणाऱ्या चार सभासदांनी गुलालात न्हालेल्या नव्या चेअरमनला खांद्यावर घेतलं. तो फोटो काढला चौकातल्या स्टुडिओवाल्या हेमलताने. बाईचा हात कसबी आणि जीभही तशीच.

दुसऱ्या दिवशी चेअरमन स्टुडिओत हजर. "पोस्टरवर ही घामट मंडळी नकोत. मी तेवढा ठेव, बाकी सगळं काढ आणि मागे हिमालय लाव. जमत नसेल तर संघाचं काम उद्यापासून दुसरीकडे!"

"अण्णा, एकदा विचार करा," हेमलता म्हणाली.

"विचार मी करतो, तू माऊस हलव!"

मग तिने वाद घातला नाही. फेट्यापासून चपलांपर्यंत कडेकडेने असा बारीक मास्क केला, की चेअरमन तेवढे राहिले आणि बाकी सगळं झाकलं गेलं. मिशीचा केसन् केस सोडवला. मागे पांढरीशुभ्र शिखरं बसवली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

हिमालयासमोर दत्ताजीराव पाय फाकून, हात जोडून अधांतरी लटकत होते.

"अगं, मला हवेत का टांगलंस?" ते गरजले.

"मी तुम्हाला तसूभरही हलवलं नाही, अण्णा. फक्त खालची माणसं काढली. तुमचे पाय कालही जमिनीवर नव्हतेच."

चेअरमननी कपाळावरचा घाम पुसला.

"हिमालय राहू दे," ते हळूच म्हणाले, "पण आमची माणसं परत आण."

संध्याकाळी चौकात पोस्टर लागलं. चार घामट सभासद बर्फात उभे होते आणि चेअरमन त्यांच्या खांद्यावर सुखरूप होते.